विश्लेषण : छोटा भूकंप जमिनीखालचे काय सांगतो? सोलापूरसाठी ते का महत्त्वाचे?

३ एप्रिल २०२५ रोजी सांगोला परिसरात २.६ तीव्रतेचा भूकंप झाला. असा धक्का बसला की 'घाबरू नका' एवढे सांगून विषय संपतो. सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे.

छोट्या धक्क्यातून काय कळते?

खडकावरचा ताण वाढत गेला की तो जुन्या भेगेवर, म्हणजेच भ्रंशावर, सरकतो. प्रत्येक धक्का हा नकाशावरचा एक ठिपका असतो. शेकडो ठिपके जुळले की भ्रंश कुठे, किती खोल आणि कोणत्या बाजूला कललेला आहे हे दिसू लागते. वेगवेगळ्या केंद्रांवर जमिनीची पहिली हालचाल वर झाली की खाली, यावरून ताणाची दिशाही काढता येते.

खाणीत आणि कोयनेत काय दिसले?

कोलारच्या सोन्याच्या खाणींत खडक काढल्यामुळे उरलेल्या खडकावरचा ताण बदलायचा आणि हादरे बसायचे. दक्षिण आफ्रिकेतील खाणींत अशाच हादऱ्यांवरून भ्रंशांचा अभ्यास होतो. कोयनेत ताण बदलतो तो जलाशयातील पाण्यामुळे. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर तिथे हजारो छोटे धक्के नोंदले गेले. याच अभ्यासासाठी गोठणे येथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आणि कराडला प्रयोगशाळा उभी राहिली.

किल्लारीचा धडा काय?

किल्लारी परिसरात १९९२ मध्येच छोटे धक्के जाणवत होते. तरीही हा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने सुमारे १० हजार जणांचा बळी घेतला. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे.

मग काय करायला हवे?

छोट्या धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाची तारीख सांगता येत नाही. मात्र भ्रंश माहीत असेल तर कुठल्या शाळा, रुग्णालये आणि पूल आधी मजबूत करायचे हे ठरवता येते. त्यासाठी सोलापूर, धाराशिव, लातूर पट्ट्यात भूकंपमापकांचे दाट आणि कायमस्वरूपी जाळे हवे. त्याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या हव्यात. कोयनेत जे धरणामुळे सुरू झाले, ते इथे पुढच्या किल्लारीची वाट न पाहता सुरू व्हायला हवे.