बंदुकीचा परवाना : भीतीपोटी की रुबाबासाठी?

बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. ही हत्या बंदुकीने झालेली नव्हती. तरीही त्यानंतरच्या काही आठवड्यांत बीडमधील बंदुका हा राज्यभर चर्चेचा विषय ठरला. कमरेला पिस्तूल लावून मिरविणाऱ्या आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवरून घरोघरी पोहोचल्या. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची माहिती त्याच सुमारास उघड झाली. मग गुन्हे दाखल असलेल्या परवानाधारकांची यादी पोलिसांनी जिल्हा प्रशासनाकडे पाठविली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले.

ही कारवाई आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु तिने एक अवघड प्रश्न मागे ठेवला आहे. जे परवाने एका हत्येनंतर धोकादायक वाटले, ते त्याआधी प्रशासनाला धोकादायक का वाटले नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना कायद्याचा इतिहास नजरेआड करता येत नाही. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा करून भारतीयांच्या हातातील शस्त्रे काढून घेतली. हा कायदा म्हणजे एका संपूर्ण समाजावर दाखविलेला अविश्वास आहे, अशी भावना स्वातंत्र्य चळवळीत होती. त्यामुळेच १९३० मध्ये महात्मा गांधींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने देण्याचीही मागणी होती. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र अधिनियम केला, तो या पार्श्वभूमीवर. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. मात्र शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला गेला नाही. अमेरिकेप्रमाणे असा हक्क भारतीय राज्यघटनेने दिलेला नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात पुन्हा करून दिली.

हक्क नसेल, तर परवाना ही शासनाने विचारपूर्वक दिलेली सवलत ठरते. हा विचार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांनी आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांनी करावयाचा असतो. अर्जावर नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. पण हा अहवाल मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभाही कायद्याने दिली आहे. हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास ठरावीक काळ शस्त्र बाळगता येत नाही. खटला प्रलंबित असलेल्याचे काय करायचे, हे मात्र बहुतांशी अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेले आहे. केवळ गुन्हा दाखल आहे एवढ्या कारणावरून परवाना रद्द करता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. साहजिकच घाईने दिलेला परवाना परत घेणे, तो देण्याइतके सोपे राहत नाही.

संसदेने डिसेंबर २०१९ मध्ये या कायद्यात दुरुस्ती केली. एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणण्यात आली. मूळ विधेयकात ती एक होती, पण विरोधानंतर एकाची वाढ झाली. लग्नसमारंभात किंवा मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात घालून गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. या कठोर कलमांच्या चर्चेत एक बदल मात्र दुर्लक्षित राहिला. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. म्हणजे बंदुकांची संख्या घटविताना दोन तपासण्यांमधील अंतर वाढविण्यात आले. पाच वर्षांत माणसाचे व्यवसाय, भांडणे आणि राजकारण किती बदलू शकते, हे वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२४ मधील दोन घटना या संदर्भात बोलक्या आहेत. उल्हासनगरमध्ये पोलीस ठाण्यातच, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनात गोळीबार झाला आणि त्या प्रकरणी एका आमदाराला अटक झाली. त्यानंतर आठवडाभरातच दहिसर येथे एका माजी नगरसेवकाची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान गोळ्या घालून हत्या झाली. त्यासाठी वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाचे होते आणि परवाना उत्तर प्रदेशातून मिळालेला होता, असे पोलीस तपासात पुढे आले. परवाना एकाच्या नावावर आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती, हा धोका कोणत्याही अर्जाच्या रकान्यात दिसत नाही.

परवानाधारकांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. देशात बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य हत्यांमध्ये विनापरवाना शस्त्रे वापरली जातात आणि गावठी कट्ट्यांचा बंदोबस्त न करता परवानाधारकांवर बडगा उगारणे अन्यायाचे आहे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. सोने-चांदीचे व्यापारी, पेट्रोल पंपचालक, बँकांचे सुरक्षारक्षक, रानडुकरांपासून पीक वाचवू पाहणारे शेतकरी यांची गरज खोटी म्हणता येणार नाही. पण या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. जमिनीच्या व्यवहारात, ठेक्याच्या स्पर्धेत किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कमरेची बंदूक नुसती दिसली तरी समोरचा माणूस गप्प बसतो. तेथे गोळी झाडली जात नाही, म्हणून गुन्हाही नोंदला जात नाही. ही दहशत कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही. बीडमध्ये लोक जे सांगत होते, ते नेमके हेच होते.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ७० हजार परवानाधारक होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार होते. महाराष्ट्राचा आकडा तुलनेने लहान आहे, हा दिलासा खरा. पण दिशा कोणती, हे अधिक महत्त्वाचे. पंजाब सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घालून सर्व परवान्यांच्या फेरतपासणीचा आदेश दिला. उलट आसाम सरकारने मे २०२५ मध्ये संवेदनशील व दुर्गम भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्र परवाने देण्याचा निर्णय घेतला. सुरक्षितता वाढेल, हे सरकारचे म्हणणे. शासनाने संरक्षणाची जबाबदारी नागरिकांवर ढकलली आणि ती देताना माणसामाणसांत भेद केला, हा विरोधकांचा आक्षेप.

महाराष्ट्राला नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागणार नाही. प्रत्येक निवडणुकीत छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते. कोणावर गुन्हे आहेत, कोणापासून शांततेला धोका आहे, हे ठरवून त्यांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. म्हणजे माहिती प्रशासनाकडे असते आणि तपासण्याची पद्धतही. आचारसंहिता संपली की मात्र तीच शस्त्रे त्याच माणसांना परत मिळतात. मतदानाच्या काळात ज्याच्या हाती बंदूक देणे धोक्याचे वाटते, त्याच्या हाती निकालानंतर ती सुरक्षित कशी ठरते? दरवर्षी अशीच छाननी झाली आणि जिवाला असलेला धोका आजही कायम आहे का, एवढा एकच प्रश्न प्रत्येक धारकाला विचारला गेला, तरी भीतीपोटी घेतलेला परवाना आणि रुबाबासाठी घेतलेला परवाना यांतला फरक कळू लागेल. त्यासाठी आणखी एका मस्साजोगची गरज पडू नये.