कार्ड वाचनालयाचं, मौज साऱ्या घराची

मैत्रिणींनो, परीक्षा संपून चार दिवस झाले, की घरोघरी एकच पालुपद सुरू होतं, "आई, आता मी काय करू?" पत्ते होतात, कॅरम होतो, टीव्ही होतो आणि मग हात हळूच मोबाईलकडे जातो. काढून घ्यावा तर रुसवा, द्यावा तर आपल्याच जिवाला घोर! त्यावर महागड्या शिबिराचे पैसेच भरायला हवेत असं नाही. आपल्या गावात बहुधा एक वाचनालय असतं. त्याच्या एका कार्डावर घरात काय काय येऊ शकतं, ते आज पाहू या.

वाचनालय ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. १९६७ साली राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि लहान गावांतल्या वाचनालयांनाही अनुदानाचा आधार मिळाला. म्हणजे सोय आहे. पण पुष्कळ घरांत कार्ड यजमानांच्या नावावर असतं आणि आपण दारातूनच सांगतो, "येताना माझंही बदलून आणा हं!" मग जे हाताला लागेल ते घरी येतं. कधी कधी तर वाचलेलंच पुन्हा! भाजी आपण स्वतः निवडून घेतो ना? मग पुस्तकच का नाही? तेव्हा पहिली सूचना अशी, की महिन्यातून एकदा तरी स्वतः जा, मुलांना बरोबर न्या आणि काय हवंय ते तिथल्या बाईंना किंवा काकांना मोकळेपणाने विचारा.

आता काय आणायचं?

एक, नाटकाचं पुस्तक. हे सहसा कुणी नेत नाही, पण घरात मौज आणायला याच्यासारखं दुसरं नाही. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आणा. रात्रीची जेवणं झाली, की पात्रं वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. राजाचं काम आजोबांना, चेटकिणीचं शेजारच्या काकूंना! पडदा नको, पोशाख नको. वाचताना अडखळणारं मूलही आपलं वाक्य चुकू नये म्हणून दोनदा वाचून ठेवतं. पाठ्यपुस्तक घेऊन मागे लागल्याने जे होत नाही, ते असं हसतखेळत होतं.

दोन, दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली ही प्रथा पाडली. घरी फार तर दोन-तीन अंक विकत घेणं जमतं, वाचनालयात मात्र ढीग असतो. दिवाळीत त्यांच्यावर उड्या पडतात, पण उन्हाळ्यात ते निवांत पडून असतात. जुना झाला म्हणून कथा काही शिळी होत नाही! त्यातली शब्दकोडी मात्र वहीत उतरवून घ्या. अंकावर पेन्सिल चालवू नका.

तीन, प्रश्नांची उत्तरं. "वीज आधी दिसते आणि गडगडाट मग का ऐकू येतो?" असं मुलाने विचारलं, की "बाबांना विचार" म्हणू नका. प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. आठवड्याच्या चिठ्ठ्या घेऊन वाचनालयात जा आणि मराठी विश्वकोशाचे खंड मागा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. हे जाडजूड खंड घरी देत नाहीत, तिथेच बसून पाहायचे असतात. पण हाच विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही तसेच मिळतात. म्हणजे मोबाईल हातात राहू दे, फक्त त्यात काय उघडायचं ते आपण ठरवायचं.

आणि चार, तुमचं स्वतःचं पुस्तक. नेमकं हेच यादीतून गळतं! मुलांचं आलं, सासऱ्यांचं आलं, आपलं मात्र "पुढच्या वेळी बघू". असं करू नका. रमाबाई रानडे लग्न होऊन सासरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी शिकवायला घेतलं, तर घरातल्याच बायकांचा विरोध! तो सोसून त्या शिकल्या आणि १९१० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, ते वर्षानुवर्षं घरातल्यांपासून लपवून. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. ज्या वाचण्या-लिहिण्यासाठी या बायकांनी एवढं सोसलं, त्यासाठी आपल्याला दिवसाचा अर्धा तास मिळू नये? दुपारची झाकपाक झाली, की अर्धा तास पुस्तकाचा, असं घरात एकदा सांगून टाका. त्या वेळात कुणी चहा मागितला, तर खुशाल म्हणा, "एवढं पान संपलं, की टाकते."

जवळपास वाचनालयच नसेल, तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम आठवा. तो २००९ साली सुरू झाला. वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी विनामूल्य द्यायची आणि ती वाचून झाली, की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, अशी त्याची साधी रीत. भिशीच्या दहाजणींनी प्रत्येकी दोन पुस्तकं काढली, तर वीस पुस्तकांची पेटी आपल्या इमारतीतही सुरू होते. एकीने वहीत नोंद ठेवायची, म्हणजे कुरबुरी होत नाहीत.

जाता जाता पुस्तकांच्या काळजीविषयी. आणल्याबरोबर कागदाचं कव्हर घाला. खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडू नका, जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी ठेवा. फोडणीच्या हाताने पान उलटू नका. पावसात पुस्तक भिजलंच, तर कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका. पानांमध्ये मधून मधून कोरा टिपकागद घालून पंख्याखाली वाळवा. आणि परत करायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा, म्हणजे दंड पडत नाही.

वाचनालयाची वर्गणी सहसा हॉटेलातल्या एका वेळच्या बिलाहून कमीच असते. पण वर्गणीदार घटले, की नवी पुस्तकं येणं थांबतं आणि मग एक दिवस दाराला कुलूप लागतं. तेव्हा या आठवड्यात एवढंच करा, आपल्या स्वतःच्या नावाचं कार्ड काढा. पहिलं पुस्तक कोणतं आणलंत, ते आम्हाला जरूर कळवा!