वाटणीची वाट बघत शेत पडीक का?

डिंभे धरणात आंबेगावच्या आदिवासींची शेतं बुडाली. उरलेल्या डोंगरउतारावर त्यांची जुनी ‘पडकई’ कामी आली: सगळ्यांनी मिळून एकमेकांच्या जमिनीवर राबायचं, बांध घालून भातखाचरं काढायची. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दोस्तांनो, आपल्या कित्येक घरांची शेती पाण्यात नाही, वाटणीच्या वादात बुडाली आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, शेतात बाभळी. वाद मिटेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, उत्पन्नातला वाटा आधी ठरवा, गावातली भूमिहीन कुटुंबं सोबत घ्या. मात्र बहिणींचा हिस्सा पहिल्याच कागदावर लिहा. घरातल्यांचा हक्क डावलून गावासाठी शेती उभी राहत नाही.