बेअरिंग ४५० ची, एस्टिमेट ४५,४०० चं!

पोस्ट मोठी आहे. पण नागपुरात चारचाकी चालवत असाल तर पूर्ण वाचा. मे महिना तोंडावर आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. नवतपा लागला होता. आईला हृदयाच्या डॉक्टरकडे दाखवायला उमरेडहून नागपूरला निघालो होतो. आईचं वय ७४. गाडी माझीच, अकरा वर्षं जुनी, डिझेल. पाचगाव मागे पडलं आणि बोनेटखालून आधी किरकिर सुरू झाली, मग रबर जळाल्याचा वास आला, मग फट्ट! एसी गेला, स्टीअरिंग दगडासारखं जड झालं, बॅटरीचा लाल दिवा लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं. बेल्टच्या चिंध्या झाल्या होत्या.

ज्यांना वाटतं की एसी बंद पडला तर काच खाली करावी आणि जावं, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बऱ्याच गाड्यांमध्ये एकच लांब बेल्ट असतो. तोच एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, तोच बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरवतो. माझ्यासारख्या जुन्या गाडीत पॉवर स्टीअरिंग आणि इंजिनला थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच्याच जिवावर. कॉम्प्रेसरची पुली जाम झाली की बेल्ट तिच्यावर घासतो, जळतो आणि तुटतो. मग एसीसोबत अख्खी गाडी मरते. तशीच रेटत नेली तर इंजिनचं काम निघतं.

आई तासभर रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली बसून होती. डोक्याला दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. शेवटी एका टेम्पोवाल्या भावाने तिला आणि मला दवाखान्यात सोडलं. पैसे घेतले नाही. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला गेली. कोणतं ते लिहीत नाही. हे दुखणं सगळीकडचंच आहे.

दुसऱ्या दिवशी एस्टिमेट आलं. कॉम्प्रेसर असेंब्ली ३१,५००. बेल्ट आणि टेन्शनर ४,८००. ड्रायर, गॅस, ऑइल, फ्लशिंग ५,२००. मजुरी ३,९००. एकूण ४५,४०० रुपये!

मी विचारलं, "कॉम्प्रेसरला नेमकं झालं काय?"
"जाम झाला सर. असेंब्लीच बदलावी लागते."
"उघडून पाहिला का?"
"तो उघडत नाही सर."
"मग फक्त पुलीची बेअरिंग गेली असेल तर?"
"बेअरिंग वेगळी येत नाही सर. सिस्टिममध्ये पार्ट नंबरच नाही."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे.

गाडी उचलली आणि कामठी रोडवरच्या एका गल्लीतल्या एसी मिस्त्रीकडे नेली. पत्र्याचं शेड, दोन पोरं, एक कूलर. मिस्त्रीने कॉम्प्रेसरला हात लावला. मोठी पुली फिरवून पाहिली, ती अडकली होती. मग तिच्यासमोरची क्लचची प्लेट फिरवली, ती मोकळी फिरली. माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, ही प्लेट आतल्या शाफ्टला बसली आहे. प्लेट फिरून राहिली म्हणजे शाफ्ट फिरून राहिला. मंग कॉम्प्रेसर काहून बदलता जी? मेली ते पुलीची बेअरिंग."

गॅसची लाइन उघडावी लागलीच नाही. पुली काढली, जुनी बेअरिंग काढून नवी ठोकली, बेल्ट घातला, टेन्शनर तपासला. तो चांगला निघाला. बेअरिंग ४५०, बेल्ट १,१००, मजुरी १,२००. झाले २,७५०. वर्ष होत आलं. त्याच कॉम्प्रेसरवर, त्याच गॅसवर एसी आजही गार हवा देतो आहे.

आता मला सांगा, अर्ध्या मिनिटाची ती हाताची परीक्षा सर्व्हिस सेंटरमधल्या ट्रेनिंग घेतलेल्या पोरांना येत नसेल का? नक्कीच येत असेल. पण ती करून उपयोग काय? निदान "बेअरिंग" असं निघालं, तरी विकायला त्यांच्याकडे बेअरिंगच नाही! दुकानात फक्त ३१,५०० ची वस्तू असेल तर प्रत्येक रोगावर औषध तेच निघणार. काउंटरवरच्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट आहे. दोष या व्यवस्थेचा आहे.

आणि हे मी एकटाच बोंबलत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी एका ग्राहकाच्या तक्रारीतून उभ्या राहिलेल्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. ठपका काय होता? सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, बाहेरच्या मिस्त्र्यांना तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती द्यायची नाही, म्हणजे गिऱ्हाईक फिरून फिरून आपल्याच दारात येतं. आयोगाने सांगितलं, भाग मोकळे करा, त्यांच्या किमती वेबसाइटवर टाका आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, वकिलांची चांदी झाली. आणि आपल्याला आजही काउंटरवर "बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली" असं बिनदिक्कत ऐकवलं जातं.

पुढे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलचं उद्घाटनही झालं. पोर्टल आलं, पण बेअरिंगचा पार्ट नंबर काही आला नाही. फीत कापून दुरुस्ती होत नसते साहेब, त्यासाठी पाना लागतो. सुटा भाग द्यायलाच लावणारा कायदा लागतो.

काही मित्र म्हणतील, "एसीचं काय रडगाणं लावलंस? चैनीची वस्तू आहे." त्यांना नम्र विनंती, मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्धा रोडवर काच खाली करून गाडी चालवून दाखवा. याच शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत. बंद पडलेल्या एसीच्या गाडीत म्हातारं माणूस, तान्हं लेकरू किंवा डायलिसिसहून परतणारा पेशंट बसला असेल तर ती चैन कशी? आणि टॅक्सीवाल्या भावाला विचारा. एसी बंद म्हणजे गिऱ्हाईक चिडतं, रेटिंग पडतं, भाडी कमी होतात. ४५ हजारांचं बिल आलं की तो गाडीचा हप्ता थकवतो नाहीतर सावकाराकडे जातो. विम्याची आशा धरू नका. अपघात झाला नसेल तर साध्या पॉलिसीत असा यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

सरकारलाही हे कळतं. साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकच्या केबिनमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी सक्तीचा झाला आहे. निर्णय चांगलाच आहे, मी त्याचं कौतुक करतो. ड्रायव्हर माणूस आहे हे मान्य व्हायला इतकी वर्षं लागली. ते खातं आपल्याच खासदारांकडे आहे. म्हणून नितीनभाऊंना नागपूरकर म्हणून विचारतो, एसी सक्तीचा केला, मग तो बिघडल्यावर सुटा भाग देणं सक्तीचं काहून नाही? पाच-सात वर्षांनी त्याच ट्रकचा कॉम्प्रेसर आवाज करेल. तेव्हा ड्रायव्हरच्या मालकाला कोणतं एस्टिमेट मिळणार? त्याने एसी दुरुस्त न करता तसाच गाडी पिटाळली तर सक्तीचा उपयोग काय?

आता दुसरी बाजू. असेंब्ली बदलणं दर वेळी लूट नसतं. कॉम्प्रेसर आतून तुटला असेल तर धातूचा चुरा सगळ्या लाइनमध्ये पसरतो. अशा वेळी लाइन साफ न करता, ड्रायर न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही मरतो. आणि आपले सगळे मिस्त्री काही साधुसंत नाहीत. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून पैसे घेणारे आहेत, स्वस्तातला भलताच गॅस भरणारे आहेत, बिल मागितलं की तोंड फिरवणारे आहेत. पण कंपन्या माहितीच देणार नसतील तर गल्लीतला मिस्त्री शिकणार कुठून? त्याला अडाणी ठेवायचं आणि मग "बाहेर जाऊ नका, तिथे अडाणी आहेत" म्हणायचं, हा कुठला न्याय?

म्हणून मागण्या साध्या आहेत. पुली, बेअरिंग, क्लच, कॉइल हे भाग वेगळे विकत मिळाले पाहिजेत. प्रत्येक एस्टिमेटवर बिघाडाचं कारण लेखी असलं पाहिजे, "जाम झाला" एवढं पुरे नाही. बदललेला जुना भाग न मागता गिऱ्हाइकाच्या हातात दिला पाहिजे. आणि आयटीआयमध्ये संध्याकाळच्या बॅच काढून गल्लीतल्या मिस्त्र्यांना कार एसीचं शिक्षण आणि प्रमाणपत्र द्या.

तोवर आपण काय करायचं? एसी बंद असतानाही किरकिर येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर, कारण पुली सतत फिरत असते. एसी लावल्यावरच आवाज येत असेल तर क्लच किंवा कॉम्प्रेसर आतून तपासून घ्या. आवाजाला गाणं लावून दाबू नका, मी तेच केलं होतं. नवतप्याच्या आधी बेल्टला चिरा पडल्या का, ते पाहून घ्या. एस्टिमेट आलं की सही करण्याआधी समोर उभं राहून पुली आणि प्लेट वेगवेगळी फिरवून दाखवायला सांगा. फसवणूक वाटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

ती जुनी बेअरिंग मी टेबलावर ठेवली आहे. हातात घेतली की अजून करकर करते. परवा आईने विचारलं, "हे काय रे?" म्हटलं, "माय, हिच्यापायी तू कडुनिंबाखाली बसली होती." तिने उलटून पालटून पाहिली आणि म्हणाली, "एवढीशी?"

हाव, एवढीशीच. तुम्हालाही असं "असेंब्लीच बदला" सांगितलं असेल तर खाली लिहा. एस्टिमेट किती होतं आणि काम कितीत झालं, दोन्ही आकडे लिहा. ते सगळे एकत्र करून मी ग्राहक व्यवहार विभागाला आणि खासदारांच्या कार्यालयाला पाठवणार आहे.