पेट्या हरवल्या, दाद कुठे मागाल?



गेल्या साली आमच्या शेजारच्या आबांनी डाळिंबाच्या वीस पेट्या रेल्वेने परमुलखात धाडल्या. पोचल्या चौदाच. आबा स्टेशनात खेटे घालीत राहिले. "बघतो, चौकशी करतो," एवढेच उत्तर मिळे. सात महिने गेले आणि मग एका जाणत्याने सांगितले, "आबा, मुदत सरली!"

आबांचे चुकले कुठे? तक्रार केली ती तोंडी, आणि दारही चुकले.

मंडळी, रेल्वे सरकारची, म्हणजे तुमची-आमचीच. पण तिचा कारभार एका कचेरीतून चालत नाही. जशी आपली ग्रामपंचायत, वर पंचायत समिती, त्यावर जिल्हा परिषद, तशीच तिथेही उतरंड आहे. खाली स्टेशन. त्यावर डिव्हिजन; गाड्या वेळेवर धावणे, रुळांची निगा, माणसांच्या पाळ्या हे तिथून चालते. डिव्हिजनच्या वर झोन, त्याचा मुख्य जनरल मॅनेजर. आणि सर्वांवर दिल्लीचे रेल्वे बोर्ड, १९०५ साली स्थापन झालेले.

आपल्या महाराष्ट्रातही झोन एकच नाही. लासलगाव-मनमाड भुसावळ डिव्हिजनमध्ये. ते मध्य रेल्वेचे, मुख्य कचेरी मुंबईला. जालना-परभणी नांदेड डिव्हिजनमध्ये. त्यांची दक्षिण मध्य रेल्वे, कचेरी सिकंदराबादला. गोंदियाची मुख्य कचेरी तर थेट बिलासपूरला!

आता हे शेतकऱ्याला कशाला हवे? तर १९८९ च्या रेल्वे कायद्यात सरकारी रेल्वेचे "रेल्वे प्रशासन" म्हणजे झोनचा जनरल मॅनेजर. माल हरवला, नासला, तर भरपाईची नोटीस तिथे लेखी गेली पाहिजे. माल जिथे चढविला, जिथे उतरायचा होता, किंवा जिथे नुकसान झाले, त्यांपैकी कोणत्याही झोनला ती देता येते. मुदत सहा महिने, आणि ती माल रेल्वेच्या हवाली केल्या दिवसापासून मोजतात, नुकसान कळल्या दिवसापासून नव्हे. आबा इथेच फसले.

तेव्हा चार गोष्टी गाठीला बांधा. माल देताना पावती घ्या व जपा. माल मोलाचा असेल तर किंमत लिहून द्या व त्याचा जादा आकार भरा. नाहीतर भरपाईची कमाल मर्यादा वजनावर ठरते, मालाच्या मोलावर नव्हे. पेटी फुटलेली दिसली तर गुपचूप उचलू नका; अधिकाऱ्यासमोर उघडून माल मोजून देण्याची मागणी करा, तो तुमचा हक्क आहे. आणि नोटीस टपालाने पाठवताना नोंदणी करा व पोच जपून ठेवा.

एवढे करूनही दाद लागली नाही, तर रेल्वे दावे न्यायाधिकरण आहे. त्याची पीठे मुंबईला व नागपूरला आहेत. तिथे अर्ज करण्यास, माल हवाली केल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.

आबांनी यंदाही पेट्या धाडल्या. या खेपेस पावती मात्र देवघरातल्या डब्यात, सातबाऱ्याशेजारी ठेवली आहे. तुमची कुठे आहे?