दोष थंडीचा नव्हे

कोलकात्यातून हिमालयात जाणाऱ्यांमध्ये, मग ते पक्षी बघणारे असोत, गिर्यारोहक असोत की सरकारी खात्यांना सामान पुरवणारे, एक समज पक्का रुजला आहे. दुर्बीण किंवा लेझर रेंजफाइंडर घ्यायचा तर खोक्यावर उणे किती अंश छापले आहेत ते पाहावे. आकडा जितका खाली, तितके यंत्र भरवशाचे. वर गेल्यावर यंत्राने दगा दिला की निकालही ठरलेला असतो: एवढ्या कडाक्याच्या थंडीत यंत्र तरी काय करणार! हा समज आणि हा निकाल, दोन्ही चुकीचे आहेत, आणि त्यापायी लोकांचे पैसे, मेहनत आणि कधी कधी जीवही पणाला लागतो, म्हणून त्याचा समाचार घेणे मला भाग वाटते.

हातात धरायचे रेंजफाइंडर बरेचसे परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी घडले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद झाले, तरी यंत्रे आली आणि गोल्फ खेळणारे, नेमबाज, वन्यजीव मोजणारे यांच्या हातात स्थिरावली.

थंडीला दोष देणाऱ्यांचा पहिला आक्षेप शास्त्राचा आव आणून येतो. थंड हवा दाट, दाट हवेत प्रकाश सावकाश चालतो, म्हणून अंतर चुकते. शेवटची पायरी सोडली तर हे सगळे खरे आहे. रेंजफाइंडर लेझरचा एक ठोका सोडतो आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजतो. एका मीटरच्या अंतराला जाऊन-येऊन साधारण पावणेसात नॅनोसेकंद लागतात. आता हवेचा दाब तोच ठेवून तापमान अधिक तीसवरून उणे तीसवर आणले, तर प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक दहा लाखांत पासष्टच्या आसपास भरतो. म्हणजे किलोमीटरमागे सहा-सात सेंटिमीटर. शिकाऱ्यांसाठीचा रेंजफाइंडर मीटरभर चूक स्वतःच कबूल करतो. शिवाय उंचावर हवा विरळ असते, आणि ती हा फरक उलट दिशेला ओढते. थंडीने अंतर चुकते हा आरोप इथेच निकालात निघतो. नेमबाज ज्याला अंतराची चूक म्हणतात ती पुष्कळदा वेगळीच असते: दाट हवेत गोळीला विरोध जास्त होतो, थंड दारूचा जोर कमी पडतो, गोळी खाली लागते आणि बोल रेंजफाइंडरला लागतो.

थंडीत काहीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. साधा अल्कलाइन सेल उणे वीसच्या आसपास मान टाकतो. द्रवस्फटिकाचा पडदा इतका मंदावतो की आकडा उमटायच्या आत हात खाली येतो. लेझर डायोडची तरंगलांबी अंशामागे पाव ते तीन दशांश नॅनोमीटर सरकते. पन्नास अंश उतरले की ती बारा-पंधरा नॅनोमीटर ढळते, आणि परतणारा प्रकाश निवडून घेणारी गाळणी अरुंद असेल तर पल्ला घटतो. पडत्या बर्फात ठोका समोरच्या हिमकणांवरूनच परत येतो आणि चारशे मीटरऐवजी वीस मीटर दिसतात. हे सगळे खरे. पण यातले काय आधी कळू शकत नव्हते? सेल लिथियमचा घ्यायचा आणि अंगाशी ठेवायचा, पडदा कोणत्या जातीचा ते विचारायचे, पडत्या बर्फासाठीची सोय वापरायची. ज्याची कल्पना आधी असते आणि ज्यावर उपाय असतो, त्याला संकट म्हणत नाहीत.

खरा घोळ पाण्याचा आहे, आणि इथे कोलकात्याचा संबंध येतो.

संदकफूची उंची ३,६३६ मीटर. पश्चिम बंगालमधले हे सर्वांत उंच ठिकाण. डिसेंबरच्या पहाटे कांचनजंगेवर पहिले ऊन पडते तेव्हा सगळे बाहेर दुर्बिणी लावून उभे असतात. मग बोटे बधिर होतात आणि मंडळी चहाला आत शिरतात. आत चूल, उकळते आधण, दहा-बारा जणांचा श्वास. दुर्बीण गळ्यातच. मिनिटभरात काच पांढरी होते. कुणीतरी मफलरच्या टोकाने ती पुसतो, पाणी कडेच्या खाचेत जाते आणि बाहेर पडल्यावर तिथेच गोठते. फोकसचे चाक फिरेनासे होते. 'थंडीने दुर्बीण गेली', असे खाली येऊन सांगितले जाते. गेली ती उबेने. आत शिरण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले असते आणि यंत्राला हळूहळू तापू दिले असते, तर दव पिशवीवर धरले असते, काचेवर नव्हे.

यावर दुकानदार म्हणतात, नळीत नायट्रोजन भरलेला आहे, धुके धरणारच नाही. नायट्रोजन आतली हवा कोरडी ठेवतो, बाहेरच्या काचेचे तो काही करू शकत नाही. आणि आतलीही तोवरच, जोवर रबरी कडे शाबूत आहे. दुर्बीण एकदा आपटली, कडे चिरले, की कोलकात्याचा पावसाळा आपले काम सुरू करतो. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीगच्च असते. ती ओल नळीत शिरते, काचेवर बुरशीचे कोळिष्टक धरते, आणि डिसेंबरात वर गेल्यावर उरलेली वाफ आतल्या भिंगांवर गोठते. दोष जुलैत कपाटात जन्मला, दिसला डिसेंबरात बर्फावर. याचा पडताळा घ्यायला हिमालय गाठायचीही गरज नाही. जूनमध्ये बावीस अंशांवर ठेवलेल्या वातानुकूलित खोलीतून दुर्बीण बाल्कनीत आणा. बाहेरचा दवबिंदू पंचवीसच्या वर असेल, तर काच त्याच क्षणी धुरकटते.

म्हणून खोक्यावरच्या आकड्यावर माझा मुख्य आक्षेप असा. उणे दहा ते अधिक पन्नास, असे अनेक रेंजफाइंडरांवर छापलेले असते. तो आकडा नव्या कोऱ्या, कोरड्या, न आपटलेल्या यंत्राचा आहे. तीन पावसाळे काढलेल्या तुमच्या यंत्राबद्दल तो काहीही सांगत नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? याचे उत्तर याच शहराने पावणेदोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. १८४९-५०मध्ये सर्वेक्षण खात्याच्या जेम्स निकल्सन यांनी बिहारच्या सपाटीवरून ज्या बर्फाच्छादित शिखराचे कोन मोजले, त्याला तेव्हा नुसता 'पंधरावे शिखर' असा क्रमांक होता; तेच आजचे एव्हरेस्ट. सर्वांत जवळचे ठाणेही १७४ किलोमीटर दूर होते. प्रकाशाचा किरण गोठलेल्या हवेतून निघून उबदार सपाटीवर येईपर्यंत सारखा वाकत होता. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटमध्ये ना नायट्रोजन, ना त्यावर कसला उणे आकडा. तरीही १८५६मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती. २०२०मध्ये जाहीर झालेली ८,८४८.८६ मीटर म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. फरक तीस फुटांचा, आणि तोही मुख्यतः किरणाच्या वाकण्याच्या अंदाजातला आणि उंची कुठून मोजायची त्या पायाचा.

हे साधले ते एकाच शिखराचे सहा ठाण्यांवरून घेतलेले वेध ताडून पाहिले म्हणून, प्रत्येक वेधाला अपवर्तनाची दुरुस्ती लावली म्हणून. कोलकात्याच्या गणन कार्यालयाचे प्रमुख राधानाथ सिकदार होते. तेच इथल्या वेधशाळेचेही काम पाहत, आणि वेगवेगळ्या तापमानांत घेतलेली वायुभारमापकाची वाचने बत्तीस अंश फॅरनहाइटवर आणण्याचे सूत्र त्यांनी बसवले. तापमानाने यंत्र चुकते हे त्यांनी गृहीतच धरले होते. किती चुकते ते काढून वजा केले आणि पुढे गेले. आकडा वाचणारा आणि आकड्यामागचे यंत्र ओळखणारा यांच्यातला फरक मला इथे स्पष्ट दिसतो.

आणि यंत्र घडवणारा हाकेच्या अंतरावर होता. १८३०मध्ये कोलकात्यात गणिती उपकरणांचे कार्यालय उभे राहिले. सर्वेक्षण खात्याचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोठ्या थिओडोलाइटांवर हात चालवणारे सय्यद मीर मोहसिन हुसैन मूळचे आर्काटचे, विलायतेत न शिकलेले कारागीर. याच परंपरेतून पुढे जादवपूरची नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स झाली, तिने थिओडोलाइट, दुर्बिणी, कॅमेरेही बनवले. कारखाना बंद पडला, आवार जादवपूर विद्यापीठाकडे गेले. भारतीय हातांना काचकाम जमत नाही, बाहेरचेच घ्यावे, असे जे म्हणतात त्यांनी हा इतिहास आधी वाचावा. परदेशी यंत्र घेण्याला माझा विरोध नाही. ते उघडून, पुसून, पुन्हा सील करून देणारा माणूस शहरात नसण्याला आहे. एस्प्लनेडच्या मेट्रो गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारे काही हात अजून आहेत. त्यांच्यामागे शिकाऊ पोरे नाहीत.

जादवपूर विद्यापीठाकडे जागा आहे, वारसा आहे, उपकरणशास्त्र शिकवणारे लोक आहेत. एक गोठवणारी पेटी, समांतर किरण सोडून भिंगे तपासणारा एक कॉलिमेटर आणि नळीत कोरडा वायू भरण्याची सोय, एवढ्यावर सामान्य माणसासाठी तपासणीचे टेबल उघडता येईल. फी घ्यावी, दाखला द्यावा. वनखात्याने आणि गिर्यारोहण संस्थांनी खरेदीच्या अटींत 'उणे अमुक अंशांपर्यंत चालणारे' एवढेच लिहून थांबू नये. पुरवलेले प्रत्येक यंत्र रात्रभर गोठवून, दुसऱ्या दिवशी मोजलेल्या अंतरावर ताडून दाखवावे, आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा तपासून द्यावे, ही अट घालावी. आणि ज्यांना या डिसेंबरात संदकफूला जायचे आहे त्यांनी दुर्बीण आजच कपाटातून काढावी, उजेडासमोर उलटी धरून आतल्या भिंगांवर कोळिष्टक आहे का ते पाहावे.