शेपटाकडच्या शेताला पाणी कोण देणार?

कालव्याच्या मुखाशी ज्याचे शेत आहे त्याला पाण्याची विवंचना क्वचितच पडते. ती पडते शेपटाकडच्या शेतकऱ्याला. वरच्याने पीक बदलले, वरच्याने पाट वळवला, की खालच्याची पाळी कोरडी जाते. आणि वरच्याच्या मनात काही पाप होते असेही नव्हे! नीरेच्या किंवा प्रवरेच्या कालव्यावरील शेतकऱ्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागत नाही. परंतु आज आम्ही ज्या कालव्याविषयी लिहीत आहोत तो जमिनीवर कोठेही दिसत नाही. तो सॉफ्टवेअरचा कालवा आहे, आणि त्याच्या शेपटाशी बसलेली माणसे जगभर विखुरलेली आहेत.

लिनस टोरवाल्डस यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. पण नुसत्या गाभ्यावर संगणक चालत नाही. त्याच्याभोवती हजारो लहानमोठे प्रोग्रॅम लागतात आणि ते लिहिणारे लोक निरनिराळ्या देशांत, एकमेकांना न विचारता काम करीत असतात. हे सारे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, पारखून सामान्य माणसाच्या हाती देण्याचे काम जे करतात त्यांच्या कृतीला ‘डिस्ट्रिब्यूशन’ अथवा वितरण म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणारे ते ‘अपस्ट्रीम’, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचे. वितरण करणारे खालच्या अंगाचे. डेबियनच्या पाठीशी शेकडो स्वयंसेवक आहेत, उबुंटू व फेडोरा यांच्या पाठीशी कंपन्या आहेत. परंतु कित्येक वितरणे अशी आहेत की, त्यांचा सारा संसार मूठभर माणसांच्या, क्वचित एकाच माणसाच्या खांद्यावर उभा असतो. वर झालेला प्रत्येक बदल या खांद्यांवर येऊन आदळतो.

असे बदल किती वेगाने येतात त्याची दोन उदाहरणे २०२५ च्या अखेरीस घडली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी डेबियनच्या ‘एप्ट’ या साधनाच्या बाजूने जाहीर झाले की, मे २०२६ च्या आधी नव्हे, पण त्यानंतर, या साधनाला ‘रस्ट’ या नव्या संगणकभाषेवाचून चालणार नाही. ज्या जुन्या यंत्रजातींसाठी रस्टची सोय नाही त्यांच्या पाठीराख्यांनी सहा महिन्यांत ती करावी, नाही तर आपले दुकान आवरते घ्यावे! पुढच्याच महिन्यात फायरफॉक्सची १४५ वी आवृत्ती निघाली आणि तिच्याबरोबर ३२ बिटांच्या लिनक्ससाठी हा ब्राउझर देणे मोझिलाने बंद केले. वर बसलेल्यांनी एकेक ओळ पुसली. खाली बसलेल्यांच्या वर्षांच्या मेहनतीचा हिशेब त्या ओळीबरोबर बदलला.

हा हिशेब कसा असतो ते पाहावयाचे तर स्लॅकवेअरकडे पाहावे. पॅट्रिक फोल्करडिंग यांनी १७ जुलै १९९३ रोजी त्याची पहिली आवृत्ती काढली. आज हयात असलेल्या वितरणांत ते सर्वांत जुने आहे. त्याचा बाणा साधा आहे : लेखकाने जे लिहिले ते शक्यतो जसेच्या तसे वाचकाच्या हाती द्यावे, मध्ये आपली कलाकुसर करू नये. पण दैवदुर्विलास असा की, जो वरच्या प्रवाहावर सर्वांत अधिक विश्वास टाकतो तोच त्याच्या वळणांपुढे सर्वांत उघडा पडतो.

२००५ साली स्लॅकवेअरने ग्नोम हे डेस्कटॉप सोडून दिले, कारण त्याच्या देखभालीतच माणूस झिजून जात होता. २०१० साली ‘सिस्टमडी’ ही संगणक सुरू करून त्याचा कारभार पाहणारी नवी व्यवस्था आली. स्लॅकवेअरने ती स्वीकारली नाही. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. परंतु एप्रिल २०१२ मध्ये ‘यूडेव्ह’, म्हणजे संगणकाला जोडलेली उपकरणे ओळखणारा प्रोग्रॅम, सिस्टमडीच्याच घरात नेऊन ठेवण्यात आला. ज्यांना ते घर नको होते त्यांनाही आता त्याच्या दारात उभे राहणे प्राप्त झाले. तेव्हा जेंटू या वितरणाच्या लोकांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘इयूडेव्ह’ नावाची वेगळी चूल मांडली आणि २०१६ साली निघालेल्या १४.२ या आवृत्तीत स्लॅकवेअर त्या चुलीवर जेवू लागले. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द जेंटूनेच ही चूल विझविण्याचे ठरविले, आणि इतरांना पुढे होऊन तिचा विस्तव राखावा लागला. फुटून निघण्याचा हक्क सर्वांना आहे. फुटून निघाल्यावर रोजचा स्वयंपाक कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे.

ब्लूटूथची कथा याहून बोलकी आहे. ब्लूटूथ सांभाळणाऱ्या ‘ब्लूझेड’ या प्रोग्रॅमची पाचवी पिढी आली, तेव्हा तिने ‘अल्सा’ या जुन्या ध्वनिव्यवस्थेशी असलेले थेट नाते तोडले. परिणामी स्लॅकवेअरला १४.२ मध्ये ‘पल्सऑडिओ’ ही सबंध ध्वनियंत्रणा घरात घ्यावी लागली. मालकाने ती मागितली नव्हती. शेजारच्या खोलीतील भिंत पडली म्हणून घराचा आराखडा बदलावा लागला! त्यानंतर डेस्कटॉप बनविणाऱ्यांनी वापरणाऱ्याच्या प्रवेशाची नोंद ठेवण्यासाठी सिस्टमडीच्या ‘लॉगिनडी’ या भागाकडे बोट दाखविण्यास आरंभ केला, आणि पूर्वी हे काम करणारे ‘कन्सोलकिट’ अनाथ झाले. सिस्टमडीतून तेवढाच तुकडा कापून काढलेले ‘इलॉगिनडी’ मग स्लॅकवेअरने घेतले. ‘पॅम’ ही ओळख पटविणारी यंत्रणा त्याने दीर्घकाळ दाराबाहेर ठेवली होती. तीही २०२० साली आत आली. या सर्वांसह १५.० ही आवृत्ती बाहेर पडली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. आधीच्या आवृत्तीपासून साडेपाच वर्षे लोटली होती. त्या वर्षांतील केवढा काळ केवळ दुसऱ्यांच्या निर्णयांची भरपाई करण्यात गेला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यावर कोणी म्हणेल की, मग काय वरच्यांनी हात बांधून बसावे? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. रस्टचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. स्मृतीच्या गफलतीतून सॉफ्टवेअरला जी भगदाडे पडतात, त्यांतील फार मोठा वर्ग ही भाषा मुळातच अडविते. सिस्टमडीने अनेक जुन्या दुखण्यांवर इलाज केला. डेबियनसारख्या वितरणाने २०१४ साली रीतसर वादविवाद करून ती पत्करली, ते काही कोणाच्या दडपणाखाली नव्हे. ३२ बिटांचे संगणक दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक आवृत्ती पारखण्याचा खर्च कोणी तरी सोसावाच लागतो. शिवाय वरच्या अंगाला बसलेला प्रत्येक जण गब्बर असतो हाही भ्रम आहे. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’चा बोभाटा झाला तेव्हा साऱ्या जगाच्या गुप्त व्यवहारांचे कुलूप असलेले ‘ओपनएसएसएल’ किती थोडी माणसे राखीत होती हे उघड झाले. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणजे दोष कोणा एकाचा नाही. पण दोष कोणाचाच नाही म्हणून हानी होत नाही असे थोडेच आहे? आम्हांस काळजी वाटते ती येथे. एकेक बदल वेगळा काढून पाहिला तर तो रास्तच दिसतो. दहा वर्षांच्या बदलांची बेरीज केली की, लहानांना जगणे अशक्य झालेले असते. परवाना सांगतो की सॉफ्टवेअर मुक्त आहे, ते हवे तसे बदलून घ्या. परंतु ज्या स्वातंत्र्याचा उपभोग घेण्यास शंभर माणसांची फौज लागते ते एकट्यादुकट्याच्या दृष्टीने कागदावरचेच स्वातंत्र्य होय.

लहान वितरणे गेली तर काय बिघडले, असे विचारणाऱ्यांना आम्ही २९ मार्च २०२४ चा दिवस आठवून देतो. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, दूरच्या संगणकात प्रवेश करताना लागणारा अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ कोठून आला याचा माग काढता काढता, ‘एक्सझेड’ या प्रोग्रॅमच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेले चोरदार उजेडात आणले. थकलेल्या मूळ राखणदाराला मदत करण्याच्या मिषाने कोणी तोतया वर्षानुवर्षे त्या घरात वावरत होता! ते चोरदार डेबियन व रेड हॅट यांच्या पद्धतीने बांधलेल्या वितरणांवर नेम धरून बसविलेले होते. सिस्टमडीच्या ग्रंथालयाशी जोडलेल्या प्रवेशद्वारातून ते उघडायचे होते. मोठ्या वितरणांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत ते पोहोचलेही होते. स्लॅकवेअरच्या प्रवेशद्वाराला ती जोडणीच नव्हती, म्हणून तो सापळा तेथे निकामी होता. यात स्लॅकवेअरचे शहाणपण होते असे आम्ही म्हणत नाही. त्याचे वेगळेपण होते. सबंध शिवारात एकच बियाणे पेरले की एकच कीड सबंध शिवार फस्त करते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. संगणकाच्या शिवारालाही हाच न्याय लागू आहे.

आणि हा प्रश्न केवळ परक्यांचा नाही. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. तिने देशासाठी सिद्ध केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनच्या पायावर उभी आहे. म्हणजे त्या कालव्यावर आपलेही शेत आहे, आणि ते मुखाशी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारे, पण हाडापेराने धडधाकट असे संगणक आपल्या शाळांत, वाचनालयांत, दुकानांत कमी नाहीत. ते भंगारात घालावयाचे नसतील तर लिनक्सचीच कास धरावी लागेल, आणि जितके यंत्र जुने तितकी त्याची भिस्त लहान वितरणांवर अधिक. ज्या शाळेला नवे यंत्र परवडत नाही तिच्यापर्यंत हे पाणी पोहोचणार की वरच्यावरच जिरणार, असा हा सवाल आहे.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट, वरच्यांनी पुरेशी आगाऊ सूचना द्यावी. ग्नोमची ४९ वी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये सिस्टमडीवर अधिक विसंबून निघाली. पण तसे होणार हे त्यांच्या बाजूने जूनमध्येच सांगितले गेले आणि सिस्टमडी न वापरणाऱ्यांनी काय करावे याची वाटही दाखविली गेली. मुदत तोकडी होती, पण रीत चांगली होती. तीच रीत वर्षभराच्या मुदतीसह सर्वांनी पाळावी. दुसरी गोष्ट, घराघरांतील कुंपणे साबूत ठेवावीत. एखादा भाग ऐच्छिक ठेवता येत असेल तर तो सक्तीचा करू नये, आणि दोन भागांमधील बोलण्याची भाषा लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्याला त्या जागी आपला भाग बसविता येतो.

तिसरी गोष्ट आम्ही लहानांनाच सांगणार आहोत. नुसती कुरकुर करून पाट परत फिरत नाही. इयूडेव्ह वाचले ते निरनिराळ्या वितरणांच्या लोकांनी मिळून त्याचा भार उचलला म्हणून. प्रत्येकाने आपली वेगळी विहीर खणण्यापेक्षा सामाईक बांध घालावा, आणि शक्य तेव्हा आपली दुरुस्ती वरच्या लेखकाकडे पाठवून ती तेथेच रुजवावी. वरच्याशी भांडण मांडण्यापूर्वी त्याच्या शेतात चार दिवस राबून यावे.

चौथी गोष्ट पैशाची. जर्मनीने २०२२ साली सार्वजनिक उपयोगाच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी उभारला, आणि त्यातून पुढच्याच वर्षी ग्नोमला १० लाख युरो देऊ केले. हे स्तुत्य आहे. परंतु मुखाशी पाणी सोडून शेपटाची तहान आपोआप भागत नाही. जी सरकारे आणि ज्या कंपन्या या कालव्यावर बागायती पिकवितात त्यांनी खालच्या अंगाच्या राखणदारांनाही वेतन द्यावे. आमच्या सरकारने तर डेबियनच्या पायावर इमला बांधला आहे. त्या पायाची डागडुजी करण्यासाठी चार पगारी माणसे देणे हा उपकार नव्हे, ते भाडे आहे.

कोणतीही पाणीपट्टी न भरता हे पाणी आपल्यापर्यंत येत आले, म्हणून त्याचे मोल कोणाच्या ध्यानात आले नाही. जो वापरणारा दरसाल काही रुपये आपल्या वितरणाकडे पाठवील, जो विद्यार्थी एक चूक शोधून ती दुरुस्त करून देईल, तो या कालव्याचा खरा हिस्सेदार ठरेल. कालवा वरच्याचा नसतो आणि खालच्याचाही नसतो. तो साऱ्या लाभक्षेत्राचा असतो. शेपटाकडचे शेवटचे शेत भिजले तरच पाण्याची पाळी पुरी झाली असे म्हणावयाचे. तोवर मुखाशी कितीही हिरवे दिसो, कालवा नीट चालला आहे असे आम्ही म्हणणार नाही!